मावशीचा स्टार्टर

सोमवारपासून आपण गाडी ढकलणार नाही, हे ग्रंथपालांच्या बायकोने शुक्रवारी संध्याकाळी बुटांच्या नाड्या सोडता सोडता अगदी साध्या आवाजात सांगून टाकलं. आवाज साधा होता म्हणूनच ग्रंथपाल दचकले. चिडलेल्या बायकोशी वाद घालता येतो. शांत बायकोपुढे मुकाट कामाला लागावं लागतं.

"सोमवारी मी मुख्य परिचारिका म्हणून रुजू होणार," ती म्हणाली. "तेवीस वर्षांनी. प्रसूतिगृहाच्या दारात सगळ्या जणी उभ्या असतील. मी काय काळे पंजे घेऊन उतरू?"

"काळे कुठे, जरासे धुळकट—"

"अहो, सात महिने ढकलतेय. मला सांगता?"

ते खरंच होतं. सात महिने रोज सकाळी हाच कार्यक्रम चालला होता. ग्रंथपाल स्टिअरिंगवर बसायचे, बायको, खालचा शिंपी आणि जो कोणी त्या वेळी जिन्यातून उतरेल तो मागे लागायचा, गाडी फाटकापर्यंत जाऊन खोकल्यासारखं करायची आणि सुरू व्हायची. मग बायकोने धावत येऊन चालत्या गाडीत बसायचं. गाडी साठीला टेकलेली, बदामी रंगाची, वाटोळ्या डोळ्यांची, मागच्या बाजूने ऐसपैस. सगळी इमारत तिला मावशी म्हणे. मावशीला कुणी नाही म्हणत नाही, या एकाच तत्त्वावर ती आजवर चालत होती.

"सुरू झाली तर बसेन," बायको म्हणाली. "नाहीतर मला बस आहे आणि मावशीला भंगारवाला आहे."

आता रोग काय आहे, याबद्दल ग्रंथपालांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. चावी फिरवली की इंजिनाला पहिला गरका देणारी एक छोटी वीजमोटर असते, तिला स्टार्टर म्हणतात. मावशीची चावी फिरवली की नुसतं 'टक्' व्हायचं. म्हणजे स्टार्टर गेला. तो काढायचा, दुरुस्त करून आणायचा, परत बसवायचा. ग्रंथपालांकडे गाडीचं मूळ दुरुस्तीपुस्तक होतं. त्यांनी ते स्वतः कापडी बांधणीत बांधून, पाठीवर क्रमांक चिकटवून, घरच्या कपाटात लावलेलं होतं. त्यात या सगळ्या प्रकरणाला मिळून एकच वाक्य दिलेलं होतं : 'दोन बोल्ट सैल करून स्टार्टर काढून घ्यावा.'

हेच वाक्य त्यांनी गॅरेजवाल्याला वाचून दाखवलं होतं. गॅरेजवाल्याने मावशीचं बॉनेट उचलून आत पाहिलं, बॉनेट खाली ठेवलं आणि म्हणाला, "इंजिन उतरवावं लागेल. पंधरा दिवस. ठेवून जा."

"पण पुस्तकात दोन बोल्ट लिहिलेत."

"मग पुस्तकालाच सांगा काढायला."

हा घाव ग्रंथपालांच्या फार आत लागला. पुस्तकाचा अपमान ते सहन करत नसत. वाचनालयात पानाचा कोपरा दुमडणाऱ्याला ते नुसत्या नजरेने आयुष्यातून उठवायचे. तेव्हा शनिवारी सकाळी बायको कामावर गेल्यावर (शेवटची ढकल मारून) त्यांनी मावशीला इमारतीच्या आवारात आणून उभं केलं, जुना सदरा चढवला, पुस्तक शिडीच्या पायरीवर उघडून ठेवलं आणि बॅटरीची तार सोडवली. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर, सगळ्याच कामांसाठी म्हणून, तसं लिहिलं होतं. जेवायच्या आत संपवू, असा त्यांचा हिशेब होता.

खालचा बोल्ट अर्ध्या तासात निघाला. गाडीखाली उताणं पडून, डोळ्यांत सात महिन्यांची माती घेऊन का होईना, पण निघाला. ग्रंथपाल बाहेर आले ते विजयी मुद्रेने. एक झाला, एक राहिला. म्हणजे निम्मं काम फत्ते. गणिताने पाहिलं तर यात चूक नव्हती. गणिताची पंचाईत एवढीच, की त्याला बोल्ट कुठे आहे याच्याशी कर्तव्य नसतं.

वरचा बोल्ट दिसतच नव्हता. तो होता स्टार्टरच्या मागच्या अंगाला. स्टार्टर होता धुराच्या नळकांड्यांखाली. आणि त्या नळकांड्यांपुढून स्टिअरिंगचा दांडा आडवातिडवा गेलेला. या सगळ्यांनी आपसांत संगनमत करून एक फट तेवढी शिल्लक ठेवली होती. ज्या माणसाने ही गाडी आखली, त्याने आधी तो बोल्ट हवेत टांगला असावा आणि मग भोवती गाडी बांधली असावी.

"जाणार नाही," मागून आवाज आला. इमारतीत तळमजल्यावर ज्याचं दुकान आहे तो शिंपी गळ्यात टेप टाकून उभा होता. तो डोळे बारीक करून एकदा फटीकडे आणि एकदा ग्रंथपालांच्या हाताकडे पाहत होता. "साहेब, कोपराखाली तुमचा घेर साडेदहा. ती फट फार तर नऊ."

"तुम्ही टेप लावली का?"

"टेप गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी असते."

ग्रंथपाल हसले. कापडाचा माणूस तो. लोखंडातलं त्याला काय कळणार? त्यांनी पाना मुठीत धरला, हात फटीत घातला, थोडा पिळला, श्वास सोडला आणि हात कोपरापर्यंत सरळ आत गेला. "पाहा!" ते म्हणाले. शिंप्याने पाहिलं आणि तो तिथेच शिडीवर बसला. लोकांना पुढे काय होणार हे आधी कळलेलं असलं की ते असे बसतात.

पाना बोल्टवर बसला. तो बसल्याचं बोटांना कळलं तेव्हा ग्रंथपालांना जो आनंद झाला, तो त्यांना पदोन्नतीच्या दिवशीही झाला नव्हता. पाना फिरायला जागा होती करंगळीएवढी. करंगळीएवढा फिरवायचा, काढायचा, पुन्हा चाचपडत लावायचा, पुन्हा करंगळीएवढा. असं त्यांनी पाऊण तास केलं. आणि शेवटी बोल्ट गळून त्यांच्या तळहातात पडला.

"निघाला!" ग्रंथपाल ओरडले. वरच्या गॅलऱ्यांतून दोनतीन डोकी डोकावली. ग्रंथपालांनी सगळ्यांकडे पाहून मान डोलावली आणि हात बाहेर ओढला.

हात आला नाही.

त्यांनी पुन्हा ओढला. डावीकडे पिळून ओढला, उजवीकडे पिळून ओढला. पाऊण तासात हात सुजला होता. आत जाताना साडेदहा असलेला घेर आता अकराच्या घरात गेला होता. शिंप्याने हे सांगितलं नाही. पण तो ज्या पद्धतीने टेपशी चाळा करत होता, त्यावरून त्याला ते माहीत होतं हे उघड होतं.

मग सल्ल्यांना तोंड फुटलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी साबणाचं पाणी सुचवलं. पहिल्या मजल्यावरच्या जावईबापूंनी (ते सासरी चार दिवसांसाठी आले होते आणि अडीच वर्षं झाली तरी चार दिवसांचंच बोलत) गाडी उलटी करावी असं मत दिलं. गाडी उलटी केली तर आपण कुठे असू, हे ग्रंथपालांनी त्यांना विचारलं. त्यावर जावईबापू विचारात पडले आणि विचार करायला घरात गेले. साबणाचं पाणी आलं. त्याने ग्रंथपालांचा हात, सदरा, विजार आणि पुस्तकाची सोळा पानं स्वच्छ झाली. हात होता तिथेच राहिला.

अशा वेळी इमारतीचे चिटणीस आले. चिटणीस म्हणजे नियम पायात चपला घालून चालतो तसे. त्यांच्या बगलेत एक वही होती.

"ग्रंथपाल, आवारात वाहनदुरुस्ती करायची तर लेखी परवानगी लागते."

"मला ठाऊक आहे. पण आता माझा हात—"

"हाताचा प्रश्न वेगळा, परवानगीचा वेगळा." त्यांनी वही उघडली. "मी काही अडवायला आलेलो नाही. उलट तुमची सोय पाहतोय. जागच्या जागी परवानगी देतो. कारण काय लिहू?"

"स्टार्टर काढणे."

चिटणिसांनी सुवाच्य अक्षरात 'स्टार्टर काढणे' असं लिहिलं आणि वही पुढे केली. "सही."

"हात अडकलाय."

"कुठला?"

"उजवा. सहीचाच."

चिटणिसांनी क्षणभर विचार केला. नियमात याला जागा आहे का, हे ते मनातल्या मनात पानं उलटून पाहत असावेत. जागा सापडली. "मग डावा अंगठा चालेल."

ग्रंथपालांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. ज्या माणसाने तीस वर्षं गावाच्या वाचनालयात लोकांच्या सह्या घेतल्या, भिंतीवर 'वाचाल तर वाचाल' अशी पाटी स्वतःच्या हाताने रंगवली, त्याने भर चौकात अंगठा उठवायचा! पण अडकलेल्या माणसाला बाणेदारपणा परवडत नाही. शाईची गरजही पडली नाही. अंगठा मावशीच्या तेलाने आयताच काळा होता. उठला तो इतका सुरेख उठला, की चिटणीसही "वा" म्हणाले.

दोन वाजून गेल्यावर बायको फाटकातून आत आली. आवारात गर्दी, मधोमध मावशी आणि मावशीच्या तोंडात कोपरापर्यंत गेलेला नवरा हे दृश्य तिने पाहिलं. कुणाला काही विचारलं नाही. पर्स शिंप्याच्या हातात दिली आणि जवळ आली.

"मुठीत काय आहे?"

"बोल्ट. आणि पाना."

"मूठ उघडा."

"अगं, पाऊण तास लागला काढायला! सोडला तर कुठे जाईल—"

"मूठ उघडा म्हणतेय ना. सगळं धरून ठेवून बाहेर येता येत नाही."

ग्रंथपालांनी मूठ उघडली. आत कुठेतरी 'टण्ण' वाजलं. पण जमिनीवर काही पडलं नाही. पाना आणि बोल्ट दोघेही मावशीने गिळले. बायकोने मात्र त्यांचं मनगट आतल्या आत एका बाजूला वळवलं, "आता श्वास सोडा, खांदा ढिला टाका" म्हणाली आणि हात असा अलगद बाहेर आला, जणू त्याला कधी कुणी अडवलंच नव्हतं.

ग्रंथपाल हात चोळत उभे होते. स्टार्टर आत होता, दोन्ही बोल्टांविना, नुसता अडकून बसलेला. तो काढायला पुन्हा हात घालावा लागणार होता आणि तो हात आपला असू शकत नाही, हे कबूल करणं भाग होतं. ते कुणी बोलावं एवढाच प्रश्न होता.

"वहिनींच्या बाह्या मीच शिवतो," शिंपी आकाशाकडे पाहत म्हणाला. "कोपराखाली पावणेनऊ."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. आता इथे ग्रंथपालांचं एक कौतुक केलं पाहिजे. दुसरा एखादा "राहू दे, उद्या मीच पाहीन" म्हणाला असता. ग्रंथपालांनी खाली पडलेलं फडकं उचललं, तिच्या पुढ्यात धरलं आणि म्हणाले, "तुला जमेल. पण तिथे काही दिसत नाही हं."

"तेवीस वर्षांत मला कुठे काय दिसलंय?" ती बाही दुमडत म्हणाली. "हाताला कळतं."

आणि खरंच कळलं. तिने डोळे मिटले, हात आत घातला आणि तिचा चेहरा एकदम निराळा झाला. ग्रंथपालांनी हा चेहरा कधी पाहिला नव्हता. तो प्रसूतिगृहातला चेहरा होता. घरी आणायची त्याला कधी गरज पडली नव्हती. आधी पाना बाहेर आला. मग बोल्ट आला. मग ती म्हणाली, "तुम्ही खाली जा. टॉवेल घ्या."

ग्रंथपाल टॉवेल घेऊन गाडीखाली शिरले.

"आडवा बसलाय," वरून आवाज आला. "फिरवावा लागेल. ओढू नका, मी सांगेपर्यंत हात लावू नका."

"बरं."

"आता नाक खाली आलं. दिसतंय?"

"दिसतंय!"

"धरा. आता हळू. हळू म्हणजे हळू! आलाच बघा, आला—"

आणि सात किलोचा तो काळा, तेलकट ऐवज ग्रंथपालांच्या छातीवरच्या टॉवेलमध्ये अलगद येऊन पडला. वर गॅलऱ्यांतून टाळ्या वाजल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तर "काय झालं?" असं विचारलं आणि जावईबापूंनी "स्टार्टर" असं गंभीरपणे सांगितलं. बायको नळाखाली कोपरापर्यंत हात धुवत राहिली, त्या खात्यात शिकवतात तितका वेळ.

चार वाजता ग्रंथपाल स्टार्टर कापडी पिशवीत घालून वाइंडिंगवाल्याकडे पोचले. मोटारींच्या आतल्या तारा गुंडाळण्यात त्या माणसाचं आयुष्य गेलं होतं आणि बोलण्यात तो एकही तार वाया घालवत नसे. त्याने स्टार्टर शिकंज्यात आवळला, बॅटरीच्या दोन तारा लावल्या. गर्रर्र करून स्टार्टर असा फिरला, की बाकावरचा चहाचा कप थरथरला.

"ठणठणीत आहे," तो म्हणाला. "काढला कशाला?"

या प्रश्नाला उत्तर देण्याआधी ग्रंथपालांनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"चावी फिरवली की चोकची तार गरम होते का?" वाइंडिंगवाल्याने विचारलं. थंड इंजिन सुरू करताना जी खुंटी ओढतात, ती चोक.

"गरम? अहो, चटका बसतो! सात महिने हातमोजा घालून ओढतोय. जुनी गाडी, स्वभावच तापट असेल, असं समजून—"

"स्वभाव नाही. इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी तांब्याची पट्टी असते. विणलेली. ती तुटली असणार. वीज स्टार्टरपर्यंत गेली की तिला बॅटरीकडे परत यायला वाट हवी. नेहमीची वाट बंद, म्हणून चोकच्या तारेतून यायची. तेवढ्याशा तारेतून स्टार्टरचं पोट भरत नाही." त्याने खणातून नवी पट्टी काढून पिशवीत टाकली. "दहा मिनिटांचं काम."

ती पट्टी ग्रंथपालांना चांगली आठवत होती. हात आत घालताना मध्ये काहीतरी चिंधीसारखं लोंबत होतं. ते त्यांनी चिडून बाजूला सारलं होतं.

घरी जाताना त्यांनी दोन भाषणं तयार केली. एकात विज्ञान होतं, दुसऱ्यात नशीब होतं. दार उघडलं तेव्हा बायको नव्या गणवेशाला इस्त्री करत होती. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि दोन्ही भाषणं विसरून म्हणाले, "स्टार्टर चांगलाच होता."

इस्त्री थांबली.

"म्हणजे निरोगी होता?"

"एकदम."

"आणि आता तो परत आत घालायचा."

"हो."

ती बराच वेळ पिशवीकडे पाहत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. रडतेय की काय, म्हणून ग्रंथपाल धावले. पण ती हसत होती. इतकी हसली, की इस्त्री बाजूला ठेवून खुर्चीत बसावं लागलं. "परत आत घालायची वेळ आजवर कधी आली नव्हती हो," ती डोळे पुसत म्हणाली. "उद्या नऊ वाजता. मी नखं कापून ठेवते."

रविवारी नऊ वाजता चिटणीस वही घेऊन हजर होते. "परवानगी 'काढणे' याची आहे," ते म्हणाले. "'बसवणे' याचा उल्लेख नाही. नवा अर्ज करा, पुढच्या महिन्याच्या सभेत ठेवू."

बायको तोंड उघडणार होती. पण ग्रंथपालांनी हात वर केला. आज तो मोकळा होता.

"चिटणीस, तुम्ही वाचनालयातून पुस्तक नेता. नेताना नोंद करता. परत आणताना कधी परवानगी मागता?"

"नाही. परत करायला परवानगी कसली?"

"उलट परत केलं नाही तर?"

"तर तुम्ही पत्र पाठवता," चिटणीस जरा कळवळून म्हणाले. त्यांच्याकडे एक पुस्तक अकरा महिने होतं.

"मग? काल तुमच्या वहीत एक वस्तू 'काढली' म्हणून नोंद झाली. आज ती जागच्या जागी जमा होतेय. ती जमा करून न घेणारा माणूस मी तीस वर्षांत पाहिलेला नाही."

चिटणिसांनी वहीकडे पाहिलं, ग्रंथपालांकडे पाहिलं. मग 'काढणे' या शब्दापुढे त्यांनी बारीक अक्षरात 'परत जमा' असं लिहिलं आणि स्वतःच सही ठोकली.

स्टार्टर बसवायला तास गेला. बायको वरून, ग्रंथपाल खालून. कधी "उचला", कधी "थांबा", एकदा "अहो, माझं बोट!" वरचा बोल्ट तिनेच लावला. तांब्याची पट्टी ग्रंथपालांनी लावली, एकट्याने, आणि तिला दहा नाही तर चाळीस मिनिटं लागली, कारण त्यांनी ती फार प्रेमाने लावली. बॅटरीची तार जोडून चावी फिरवली, तेव्हा मावशी पहिल्या गरक्यात सुरू झाली.

सोमवारी सकाळी सवयीने सगळे खाली उतरले होते. शिंपी, जावईबापू, जिन्यातून उतरणारे आणखी दोघे, सगळे बाह्या सारून गाडीमागे उभे. मावशी सुरू झाली आणि निघून गेली. चौघेही क्षणभर हात पुढे करून हवेलाच टेकून राहिले.

प्रसूतिगृहाच्या दारात खरोखरच सगळ्या जणी उभ्या होत्या, एकीच्या हातात फुलं होती. बायकोचे तळहात मांडीवर होते. स्वच्छ, नखं कापलेले. ग्रंथपालांनी गाडी बरोबर पायऱ्यांसमोर थांबवली. आणि मग त्यांनी असं काही केलं, जे सात महिन्यांत उतारावर गाडी लावल्याखेरीज करायची त्यांची छाती झाली नव्हती. त्यांनी सपाट रस्त्यावर, चाळीस डोळ्यांसमोर, इंजिन बंद केलं.

"बंद केलीत?" बायकोने दबक्या आवाजात विचारलं.

"केली."

ते उतरले, वळसा घालून आले, तिच्या बाजूचं दार उघडून धरलं. ती उतरली, पायऱ्या चढली, फुलं घेतली. पण वरच्या पायरीवर ती थांबली आणि मागे वळून पाहत राहिली. ग्रंथपाल सावकाश स्टिअरिंगवर बसले. चावी फिरवली. मावशीने गर्रर्र केलं आणि धडधडायला लागली. मुख्य परिचारिका मगच आत गेल्या.

वाचनालयात त्या दिवशी बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. रोज सकाळी वर्तमानपत्रं चाळायला येणारे एक निवृत्त अभियंते मुद्दाम टेबलाशी आले.

"त्या गाडीचा स्टार्टर? इंजिन न उतरवता? अहो, अशक्य! आमच्या कारखान्यात चार माणसं लागायची. कोणी काढला?"

ग्रंथपालांनी पेन खाली ठेवलं. आजूबाजूचे वाचक माना वर करून पाहू लागले.

"आम्ही काढला," ते म्हणाले.

फारच ऐट आली आहे यांना, असं वाचकांपैकी बहुतेकांना वाटलं. एक जण तर दबक्या आवाजात "राजेसाहेब" असंही म्हणाला. ग्रंथपालांनी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. व्याकरण त्यांचं पक्कं होतं, आणि त्यांनी ते अनेकवचन म्हणूनच वापरलं होतं.